वीस लाखांची छत्री

आमच्या आयोवात हातात छत्री दिसली की माणूस बाहेरगावचा, हे समजायला दुसरी खूण लागत नाही. पाऊस आला तर टोपी पुढे ओढायची, कॉलर वर करायची आणि चालू पडायचं. वारा असा की छत्री उघडली तर ती शेजाऱ्याच्या शेतात जाऊन पडते, आणि मग ती आणायला भिजत जावं लागतं. त्यामुळे माझ्या धंद्यात जिला 'छत्री' म्हणतात ती पॉलिसी विकायची म्हटली की आधी दोन टोमणे पदरात पडतात, मग कामाचं बोलणं सुरू होतं.

मी लायल. गावात विम्याचं एकच दुकान आहे, ते माझं. छत्रीची गोष्ट साधी आहे. तुमच्या गाडीनं, कुत्र्यानं किंवा अंगणातल्या झोपाळ्यानं कोणाला इजा झाली, तर गाडीचा नाहीतर घराचा विमा ठरावीक रकमेपर्यंत भरपाई देतो. खर्च त्याच्या वर गेला की तुमचं घर, जमीन, शिल्लक सगळं उघड्यावर येतं. त्या वरच्या पावसासाठी ही छत्री असते. किती मोठी घ्यायची, हा एकच प्रश्न गिऱ्हाईक विचारतं आणि त्याचं उत्तर मी वर्षानुवर्षं एकाच वाक्यात देत आलो होतो. ते वाक्य मार्लिसबाईंनी माझ्या तोंडातून काढून घेतलं.

मार्लिस रूड आमच्या शाळेची पिवळी बस चालवायच्या. मी त्यांच्याच बसमधून शाळेत गेलो, त्यामुळे पन्नाशी उलटली तरी त्यांना नुसतं 'मार्लिस' म्हणायला माझी जीभ वळत नाही. पोरांनी दंगा केला तर त्या ओरडत नसत. बस कडेला घ्यायच्या, पर्समधून विणकाम काढायच्या आणि आम्ही गप्प होईपर्यंत शांतपणे टाके घालत बसायच्या. एकदा आमच्या दंग्यापायी अख्खा हातमोजा झाला होता म्हणतात. बर्फ असो, धुकं असो, त्यांच्या बसला कधी साधा ओरखडाही आला नाही. त्या स्वतः याबद्दल अवाक्षर काढत नसत, पण दुसऱ्या कोणी ते काढलं की पाठ जरा ताठ व्हायची.

नवरा ओरिन गेला, नोकरी संपली, तरी बाईंचं चाक थांबलं नाही. आमच्याकडे गाडी चालवता येईनाशी झाली की माणूस अर्धा मेला. ना टॅक्सी, ना बस, दवाखाना पाऊण तासावर. बाईंनी जुनी ब्युइक गाडी काढली आणि अशा अर्धमेल्यांना फिरवायला सुरुवात केली. कोणाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे, कोणाला केस कापायला, सगळ्यांना मिळून चर्चच्या तळघरात गोधड्या शिवायला. पेट्रोलचे पैसे कोणी दिले तर त्या घेत नसत, आणि न दिले तर लक्षात ठेवत असत.

त्या माझ्या दुकानात आल्या तेव्हा बरोबर सॉल्वेगबाई होत्या. सॉल्वेग बाक्के म्हणजे त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. उंच, हाडकुळी, मूलबाळ नाही, नवरा केव्हाच गेलेला. दोघी एकाच रस्त्यावर राहायच्या, मध्ये फक्त मक्याची शेतं. सॉल्वेगबाईंच्या तोंडी एकच शब्द, "बरंय." वादळानं कोठाराचं छप्पर नेलं तेव्हाही त्या वर बघून तेवढंच म्हणाल्या होत्या.

"लायल," मार्लिसबाई खुर्चीत बसत म्हणाल्या, "टॉड म्हणतो दहा लाख डॉलरची छत्री घे. घर, भाड्यानं दिलेली जमीन आणि ओरिननं मागं ठेवलेलं, सगळं तेवढ्यात झाकलं जातं म्हणे."

टॉड त्यांचा मुलगा, मिनिआपोलिसला हिशेबनीस आहे. "बरोबर सांगतोय तो," मी म्हणालो. "जेवढं जाण्यासारखं आहे, तेवढी छत्री. आमचा नियमच आहे."

"कोणाचं जाण्यासारखं?"

"तुमचं."

"आणि गाडीत बसलेल्यांचं?"

"त्यांचं त्यांनी बघावं," मी बोलून गेलो. बाईंनी बसच्या आरशातून बघायच्या तसं माझ्याकडे बघितलं आणि मी टेबलावरची पेनं सारखी करायला लागलो.

मग त्यांनी मोठ्यानं विचार करायला सुरुवात केली. गाडीत कोण कोण बसतं? गोधडीवाल्या बायका. त्यांचं वय झालेलं, पण त्यांचीही हाडं मोडतात. आणि केली. केलीचा नवरा टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात पाळीवर असतो, म्हणून तिला डायलिसिसला बाईच नेतात. पदरात तीन लेकरं. "तिला माझ्या हातून काही झालं, तर ती तीन पोरं वाढवायला किती लागेल, सांग बघू."

"असा हिशेब कोणी करत नाही हो, मिसेस रूड."

"म्हणूनच विचारतेय. बाकीच्या बायका त्यामानानं स्वस्तात पडतील. ही सॉल्वेग तर फुकटातच."

"मला काय धाड भरलीय," सॉल्वेगबाई म्हणाल्या. "मला आपलं शेतात पुरा आणि वर मका पेरा."

त्यावर दोघी हसल्या, मीही हसलो. तेवढ्यात टॉडचा फोन आला. बाईंनी फोन टेबलावर ठेवला, म्हणजे सगळ्यांनाच ऐकू येईल.

"आई, मोठी छत्री म्हणजे वकिलांना आवतण आहे. तुझ्याकडे जेवढं दिसेल तेवढं लोक मागतात."

"मागू देत की. लागलं असेल म्हणूनच मागतील ना?"

"लोक तसे नसतात गं."

"माझ्या गाडीतले तसे आहेत. तुझ्या गाडीत कोण बसतं, मला माहीत नाही."

टॉडनं फोन ठेवला. मग मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, दहा लाखांत तुमचं सगळं सुरक्षित आहे, वर आणखी घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. इतक्या वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाईक जास्त मागतंय आणि मी नको म्हणतोय, असं पहिल्यांदाच झालं. बाईंनी विचारलं, वीस लाखांची घेतली तर हप्ता किती वाढेल. गाडीच्या एका टायरच्या किमतीएवढा फरक होता.

"मग टायर समजून घालते," त्या म्हणाल्या आणि सही केली.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. गिऱ्हाइकानं आपल्याला शहाणपण शिकवलं की कोणाला आवडतं?

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ते झालं. ऑगस्टमध्ये आमच्याकडे मका डोक्याच्या वर जातो आणि खडीच्या रस्त्यांवरचे चौक आंधळे होतात. असल्या चौकांत सिग्नल नसतो, पाटी नसते. रीत एकच, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पण उजवीकडून कोणी येतंय की नाही, हे कळायला चौकाच्या तोंडाशी गाडी जवळजवळ उभी करून डोकावावं लागतं. दोघी गोधड्या शिवून घरी चालल्या होत्या. उन्हं अजून वर होती. मार्लिसबाईंनी वेग कमी केला, पण थांबल्या नाहीत. उजवीकडून डुकरांचा ट्रक आला आणि ब्युइकच्या उजव्या दारावर आदळला. आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो; त्या उजव्या दाराशी सॉल्वेगबाई बसल्या होत्या.

मार्लिसबाईंचं मनगट मोडलं. ट्रकवाल्याला काही झालं नाही. सॉल्वेगबाईंचा खुबा आणि कंबर दोन्ही गेली. ट्रक सुसाट होता, असं नंतर गावात ज्यांनी पाहिलं नव्हतं ते सगळे छातीठोकपणे सांगत होते. मार्लिसबाईंनी मात्र ब्युइकच्या आणि ओरिनच्या जुन्या गाडीच्या, सगळ्या किल्ल्या पिठाच्या डब्यात टाकल्या आणि झाकण लावलं.

आता विमा कामाला लागायला हवा होता. कंपनीच्या माणसानं कुठून तरी दूरवरच्या ऑफिसातून सॉल्वेगबाईंना दवाखान्यात फोन लावला. असले फोन रेकॉर्ड होतात.

"आता कशा आहात, बाई?"

"बरंय. याहून वाईट झालं असतं."

"काही त्रास?"

"छे. तक्रार नाही."

"कंपनीकडून काही हवंय का?"

"नको नको. तुम्हाला कशाला उगीच."

त्या माणसानं लिहून टाकलं की जखमीची तब्येत ठीक, मागणी काही नाही, आणि फाईल मिटली. मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी त्याला फोन लावला. म्हटलं, "अहो, आमच्याकडे 'बरंय' म्हणजे बरं नसतं! माझ्या आजोबांचा हात मळणीयंत्रात गेला तेव्हा ते डॉक्टरला म्हणाले होते, 'बरंय, डावाच आहे.' त्या बाईला कूस बदलता येत नाही!"

"रेकॉर्डवर तसं नाही सर," तो नम्रपणे म्हणाला. "त्या मागत नाहीत, तर आम्ही देणार कशाचे?"

पालथ्या घड्यावर पाणी. आणि त्याचंही पुरतं चुकत नव्हतं, हे जास्त लागलं.

इकडे सॉल्वेगबाईंना जिल्ह्याच्या गावी वृद्धांच्या शुश्रूषागृहात हलवलं. सरकारी विमा काही आठवडे चालतो आणि मग हात झटकतो. पुढचा खर्च स्वतःचा, आणि तिथल्या एका महिन्याचा आकडा ऐकला तर धडधाकट माणूस आजारी पडेल. घरी राहायचं तर दिवसभराची बाई हवी, रुंद दारं हवीत, चाकाची खुर्ची चढेल असा उतार हवा. पैसे नाहीत म्हणजे घरी जाणं नाही, आणि तिथं राहायचं तर घर विकून राहायचं. वसंत ऋतूत घर विक्रीला काढायचं असं त्यांनी कुणाचा सल्ला न घेता ठरवूनही टाकलं. लग्न होऊन आल्या त्या घराबाहेर त्या कधी झोपल्या नव्हत्या, फक्त नवरा दवाखान्यात होता तेवढ्याच रात्री.

हे ऐकून मार्लिसबाई माझ्याकडे आल्या. चालत आल्या, मनगटाला पट्टा.

"लायल, छत्री घेतली होती ना मी? मग ती उघडत का नाही?"

"कोणीतरी मागायला लागतं. आणि आता फाईल मिटल्यावर नुसतं मागून भागणार नाही. दावा लावावा लागेल."

"कोणी?"

"सॉल्वेगबाईंनी."

"कंपनीवर?"

"तुमच्यावर." हे सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना. "पैसे कंपनी देते, पण कागदावर नाव तुमचं येतं. सॉल्वेग बाक्के विरुद्ध मार्लिस रूड. आपल्याकडे रीतच तशी आहे."

त्यांनी पर्स उचलली. मग म्हणाल्या, "चल, मला तिच्याकडे घेऊन चल."

"मिसेस रूड, तुम्ही जाऊन तिला काही कबूल करायचं नाही. चूक नाही आणि पैसेही नाहीत. पॉलिसीत तसं लिहिलंय. कंपनीचा वकील म्हणेल, दोघी मैत्रिणींनी मिळून आम्हाला लुबाडलं."

"पैसे मी कशाला कबूल करू, ते माझे थोडेच आहेत? आणि काय झालं ते तिला सांगायचं नाही म्हणजे काय? ती शेजारीच बसली होती की!"

मी गाडीच्या किल्ल्या घेतल्या.

आमच्याकडे कोणी काही देऊ केलं तर लगेच हो म्हणायचं नसतं. पहिला नकार रामरामासारखा, त्याला काही अर्थ नसतो. दुसऱ्या नकारात थोडा अर्थ असतो. तिसऱ्यांदा विचारलं तर खरं काय ते सांगायचं, आणि त्यापुढे विचारणाऱ्यानं परत विचारायचं नाही. कॉफीच्या कपापासून लग्नाच्या मागणीपर्यंत सगळं असंच चालतं. मार्लिसबाई तीनदा गेल्या. नेणारा मीच.

पहिल्या खेपेला बटाट्याचं गरम भांडं घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "सॉल्वेग, माझ्यावर दावा लाव." सॉल्वेगबाई म्हणाल्या, "तुला डोक्याला तर लागलं नाही ना?" आणि बटाटे छान झालेत म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला सॉल्वेगबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. परतीच्या वाटेवर माझ्या गाडीत प्रत्येक चौकाला मार्लिसबाईंचा पाय आपोआप खाली दाबला जात होता, जणू तिथं ब्रेक होता.

तिसऱ्या खेपेला त्यांनी बरोबर काही नेलं नाही. मी दाराशी उभा राहिलो. खोलीत एक खिडकी, आणि खिडकीतून दिसतात गाड्या लावायची जागा आणि कचऱ्याचे डबे. जन्मभर क्षितिजापर्यंत मका बघितलेल्या बाईला त्यांनी ते बघायला ठेवलं होतं.

"घर विकायला काढतेयस म्हणे," मार्लिसबाई म्हणाल्या.

"बरंय. एकटीला मोठंच होतं."

"अगं, माझ्या घराची काळजी करू नकोस. वीस लाख आहेत. मुद्दाम घेतलेत. तू काहीही मागितलंस तरी माझ्या उंबऱ्याला धक्का लागायचा नाही."

"तुझ्या घराचं कोण बोलतंय?" सॉल्वेगबाई एकदम वळल्या. वळताना तोंडावर जे उमटलं ते त्यांनी गिळलं. "माहितेय मला कागदावर काय लिहितात ते. 'निष्काळजीपणा.' तुझ्या नावापुढे. सगळ्या गावाची पोरं वाहिलीस तू, एकाला खरचटू दिलं नाहीस. आणि तुझ्या नावाला हे मी लावू? त्यापेक्षा इथं कचऱ्याचे डबे बघत मरेन."

मला वाटत होतं बाई भिडस्तपणानं नाही म्हणतायत. तसं नव्हतं तर.

मार्लिसबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "ते नाव माझं आहे ना?"

"हो."

"मीच कमावलंय ना?"

"तूच."

"मग कशावर खर्चायचं ते मला ठरवू दे. सॉल्वेग, मला उजवीकडचं दिसत नव्हतं. तरी मी गाडी पुढे घेतली. रोजचा रस्ता म्हणून. कागदावर तेवढंच लिहायचंय, आणि ते खरं आहे." त्यांनी खाटेचा कठडा धरला. "तिसऱ्यांदा विचारतेय. यापुढे विचारणार नाही."

सॉल्वेगबाईंनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. शेजारच्या खोलीत टीव्ही मोठ्यानं लागला होता. मला वाटलं, संपलं सगळं.

"दुखतंय गं," त्या म्हणाल्या. "मार्लिस, मला फार दुखतंय. आणि मला घरी जायचंय."

मी बाहेर व्हरांड्यात गेलो आणि भिंतीवरची जेवणाची वेळापत्रकं वाचत बसलो. एक अक्षर दिसत नव्हतं.

दावा लागला. कागद बजावायला शेरीफच्या कचेरीतला जो माणूस गेला तोही मार्लिसबाईंच्याच बसमधला. टोपी छातीशी धरून पायरीवर घुटमळत होता. बाई म्हणाल्या, "आण इकडं, आणि बूट पुसून आत ये." त्याला कॉफी पाजली आणि त्याच्यासमोरच कागद वाचला. 'निष्काळजीपणा' या शब्दावर बोट थोडा वेळ थांबलं, मग पुढे सरकलं. गावात कुजबुज झालीच. जन्माच्या मैत्रिणीनं कोर्टात खेचलं, वय झालं की माणसं लोभी होतात, वगैरे. किराण्याच्या दुकानात कोणीतरी मार्लिसबाईंना हळहळत म्हणालं, "तिनं असं करायला नको होतं हो." त्यावर बाई म्हणाल्या, "मीच सांगितलं तिला," आणि अंडी घेऊन बाहेर पडल्या.

आमच्याकडे सुनावणीच्या आधीच वकिलांसमोर शपथेवर साक्ष घेतात; त्या साक्षीच्या आधी कंपनीचा वकील आला. मला तो माणूस वाईट वाटला नाही, आपलं काम करत होता. त्याला एवढंच हवं होतं की बाईंनी म्हणावं, मी थांबले होते, नीट बघितलं होतं, ट्रकच वेगात होता. ट्रक वेगात होता हे बहुधा खरंही असेल. तेवढं म्हटलं असतं तर बाईंच्या नावावरचा डाग अर्धा पुसला गेला असता, आणि सॉल्वेगबाईंच्या भरपाईतून मोठा हिस्सा कापला गेला असता. साक्षीत त्याच वकिलानं विचारलं, "ट्रकचा वेग किती असावा?"

"मी ट्रक पाहिलाच नाही," बाई म्हणाल्या, "तर वेग कुठून सांगू?"

नंतर प्रकरण सुनावणीपर्यंत गेलंच नाही, बाहेरच मिटलं. सगळं मिळून आकडा दहा लाखांच्या आतच राहिला. टॉडनं मला फोन करून ते दोनदा ऐकवलं, "म्हणजे माझा हिशेब बरोबर होता." होताच. दुसऱ्या दहा लाखांतला एक डॉलर लागला नाही. पण ते पाठीशी नसते तर बाई त्या खोलीत तशा ताठ मानेनं गेल्या असत्या का, हे मला सांगता येत नाही, आणि टॉडलाही येत नसणार. आता छत्री किती मोठी घेऊ असं कोणी विचारलं तर घराची किंमत विचारण्याआधी मी विचारतो, तुमच्या गाडीत कोण बसतं? लोक चमकतात. काहींना राग येतो. पण विचार करायला लागतात.

सॉल्वेगबाई जुलैत घरी आल्या. स्वयंपाकघराचं दार रुंद झालं होतं, ओट्याची उंची कमी केली होती, आणि दिवसभरासाठी एक बाई ठेवली होती. ती फार बोलते अशी त्यांची तक्रार. हो, तक्रार! मार्लिसबाई रोज शेताच्या कडेनं चालत यायच्या आणि चालतच परत जायच्या. किल्ल्या अजून पिठाच्या डब्यातच होत्या. केलीला डायलिसिसला आता मी नेत होतो. बाकीच्या बायका घरीच बसून होत्या.

ऑगस्टात एकदा मी काही कागदांवर सही घ्यायला गेलो, तेव्हा दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. सॉल्वेगबाई अचानक म्हणाल्या, "मला गोधडीला जायचंय."

"लायल नेईल," मार्लिसबाई म्हणाल्या.

"लायलला नाही सांगत. तुला सांगतेय."

मार्लिसबाईंनी कप खाली ठेवला. "मी नाही चालवत आता."

"माहितेय."

"सॉल्वेग, तो रस्ता तोच आहे. मका पण वर आलाय."

"तेही माहितेय. चाकाच्या खुर्चीत बसलेय, आंधळी नाही झाले." मग आवाज उतरला. "तुला कोर्टात नेलं मी. आता तू मला चर्चला ने."

मार्लिसबाई उठल्या आणि घरी गेल्या. मला वाटलं, त्या परत येत नाहीत. मी कागद गोळा करत होतो तोवर अंगणात गाडी वाजली. ब्युइक भंगारात गेली होती, ही ओरिनची जुनी गाडी. बाईंचे हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले.

मी सॉल्वेगबाईंना उचलून उजव्या सीटवर बसवलं, खुर्ची मागं टाकली आणि स्वतः मागच्या सीटवर बसलो. तिकडं पोचल्यावर त्यांना उतरवायला कोणीतरी हवंच होतं. विमा एजंट म्हणून मी माझा सीटबेल्ट दोनदा ओढून बघितला, हे लपवत नाही. गाडी बैलगाडीच्या चालीनं निघाली. मागं धूळसुद्धा नीट उडत नव्हती.

चौक आला. दोन्ही बाजूंना मका भिंतीसारखा. मार्लिसबाईंनी गाडी पूर्ण उभी केली आणि आपल्या बाजूची काच खाली केली. पिठाळलेल्या हातांनी चाक घट्ट धरलं होतं. त्या उजवीकडे बघत होत्या, पण डोळे भरून आले होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं, हे मला मागून आरशात दिसत होतं.

सॉल्वेगबाईंनी दाराचा दांडा धरला, दुखऱ्या कंबरेवर जोर देऊन पुढे वाकल्या आणि काचेला नाक लावून मक्याच्या आडून लांबपर्यंत बघून घेतलं.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "चल."